झडती नाकारणाऱ्याची जबाबदारी

२३ एप्रिल १९३७ रोजी मॅकग्रेगर, हॅम्स्टरली आणि स्टॅनब्रुक ही तीन ब्रिटिश मालवाहू जहाजे अन्नधान्य घेऊन उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओ बंदराकडे निघाली होती. स्पेनमध्ये यादवी चालू होती. शहराला प्रजासत्ताक सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या फौजांनी जमिनीवरून वेढत आणले होते आणि समुद्राच्या बाजूला त्यांची अल्मिरांते सेर्वेरा ही क्रूझर आणि गालेर्ना नावाचा, तोफ बसवलेला मासेमारीचा ट्रॉलर उभा होता. जहाजांना थांबण्याचा हुकूम झाला, जहाजांनी मदत मागितली आणि हूड ही ब्रिटनची अजस्र युद्धनौका मध्ये पडली. सागरी हद्दीबाहेर ब्रिटिश जहाजांना अडवू नये, असे तिने क्रूझरला कळवले. आमची हद्द किनाऱ्यापासून सहा मैलांची आहे, असे क्रूझरचे उत्तर आले. आम्ही तीन मैलांपलीकडे हद्द मानत नाही, असे हूडने बजावले. गालेर्नाने मॅकग्रेगरच्या पुढ्यात एक गोळा टाकलाच, पण किनाऱ्यावरच्या, प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या बास्क सरकारच्या तोफा सुरू होताच ट्रॉलर मागे फिरला आणि तिन्ही जहाजे बिल्बाओत पोहोचली.

तीन मैल की सहा मैल हा वाद वरवर पाहता नकाशाचा वाटतो. प्रत्यक्षात त्या तीन मैलांच्या पाण्यावर एका उपाशी शहराचे काही आठवडे अवलंबून होते. परक्या देशातल्या यादवीत व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी युद्धनौका पाठवाव्यात का, या प्रश्नाची चर्चा मात्र बहुतेक वेळा दोन ठरावीक टोकांवरून होते. एका बाजूला, समुद्र सर्वांचा आहे, व्यापार निष्पाप आहे, म्हणून रक्षण करणे हे निव्वळ पोलिसी काम आहे, असे म्हणणारे असतात. दुसऱ्या बाजूला, दुसऱ्याच्या घरच्या भांडणात युद्धनौका नेणे म्हणजे हस्तक्षेपच, असे म्हणणारे असतात. मला दोन्ही भूमिका सोयीच्या वाटतात, कारण दोन्हींमध्ये एक जबाबदारी टाळलेली आहे. रक्षण करावे, असे माझे मत आहे. पण जो देश यादवीतल्या पक्षांना आपल्या जहाजांची झडती घेऊ देत नाही, त्याने त्या जहाजांत काय आहे याची हमी स्वतःच्या सहीने दिली पाहिजे. ती देण्याची तयारी नसेल तर त्याच्या युद्धनौकेला तिथे उभे राहण्याचा नैतिक आधार उरत नाही.

हे समजण्यासाठी कायद्यातली एक गाठ आधी सोडवावी लागते. दोन राष्ट्रांमध्ये युद्ध असते तेव्हा युद्धमान पक्षाला तटस्थ देशाचे जहाज खुल्या समुद्रात थांबवण्याचा, त्याची झडती घेण्याचा, शत्रूकडे चाललेला निषिद्ध माल जप्त करण्याचा आणि नाकेबंदी मोडू पाहणारे जहाज पकडण्याचा अधिकार असतो. नाकेबंदी कागदावरची नसावी, ती प्रत्यक्षात राबवण्याइतके बळ तिच्यामागे असावे, हे १८५६च्या पॅरिस जाहीरनाम्यापासून मान्य झालेले आहे. यादवीत मात्र हे अधिकार आपोआप मिळत नाहीत. बाहेरच्या देशांनी लढणाऱ्यांना युद्धमान पक्ष म्हणून मान्यता दिली तरच ते लागू होतात, आणि दिली तर सरकार व बंडखोर या दोघांनाही लागू होतात. म्हणजे मान्यता द्यायची की नाही, एवढ्या एका निर्णयातून बाहेरचा देश समुद्रावरचे पारडे हलवू शकतो, एकही गोळी न झाडता.

१८६१ मध्ये, अमेरिकेच्या यादवीच्या सुरुवातीला, लिंकनने १९ एप्रिलला बंडखोर दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. आपल्याच देशाची बंदरे कोणी नाकेबंद करत नाही, ती देशांतर्गत कायद्याने बंद करावीत, असे त्याचे नौदलमंत्री गिडियन वेल्स यांचे म्हणणे होते, आणि तर्काच्या दृष्टीने ते बरोबरच होते. नाकेबंदी हा शब्द वापरल्यामुळे हे युद्ध आहे हे वॉशिंग्टननेच कबूल केल्यासारखे झाले, आणि १३ मे रोजी ब्रिटनने तटस्थता जाहीर करून दक्षिणेला युद्धमान पक्षाचा दर्जा दिला. त्यावर उत्तरेत संताप उसळला खरा, पण त्या मान्यतेचा मोठा फायदा उत्तरेलाच झाला. दक्षिणेतल्या विल्मिंग्टन किंवा चार्ल्स्टनकडे निघालेले ब्रिटिश जहाज उत्तरेच्या नौदलाने पकडले तर ब्रिटिश युद्धनौका त्याच्या मदतीला धावून येणार नव्हती. जगातले सर्वांत बलाढ्य नौदल चार वर्षे बाजूला राहिले, ते कायद्यातल्या या एका गाठीमुळे.

याच्या नेमके उलट उदाहरण रिओ दि जानेरोचे आहे. सप्टेंबर १८९३ मध्ये ब्राझीलच्या नौदलाने अध्यक्ष फ्लोरियानो पेशोतो यांच्याविरुद्ध बंड केले. आरमार बंडखोरांकडे, शहर सरकारकडे आणि मधल्या उपसागरात अनेक देशांची व्यापारी जहाजे माल उतरवण्याची वाट पाहत अडकलेली, अशी विलक्षण अवस्था होती. बंडखोरांना कोणीही युद्धमान पक्ष मानले नव्हते. जहाजे धक्क्याला लागू द्यायची नाहीत, असा त्यांचा प्रयत्न होता, आणि त्यामागचा हिशेब साधा होता: माल धक्क्यावर उतरला की त्याची जकात सरकारच्या तिजोरीत पडणार. २९ जानेवारी १८९४ रोजी अमेरिकेचे रिअर ॲडमिरल बेनम यांनी डेट्रॉइट ही क्रूझर पुढे घालून अमेरिकी जहाजांना धक्क्याकडे जाण्यास सांगितले. बंडखोरांनी अडवू पाहिले तेव्हा डेट्रॉइटने गोळा झाडून इशारा दिला आणि विरोध मावळला. मार्चमध्ये बंडखोरांच्या नेत्यांनी पोर्तुगीज युद्धनौकांवर आश्रय घेतला, त्यावरून ब्राझीलने पोर्तुगालशी राजनैतिक संबंधच तोडले.

बेनम यांची बाजू कायदेशीरदृष्ट्या भक्कम होती. मान्यता नसलेल्या बंडखोराला परक्या जहाजाला अडवण्याचा अधिकार नाही, हे तेव्हाचे सर्वमान्य तत्त्व होते. पण आम्ही केवळ व्यापाराचे रक्षण केले, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. धक्क्यावर उतरलेले प्रत्येक पोते पेशोतो यांच्या खजिन्यात भर घालत होते आणि बंडखोरांच्या हातातले एकमेव शस्त्र निकामी करत होते. यादवीत व्यापार तटस्थ असतो हा समज बंदराच्या जकात कचेरीच्या दारातच संपतो. म्हणून संरक्षण देणाऱ्या देशाने आपण परिणाम घडवत नाही असा दावा करू नये. परिणाम घडतो, आणि त्याचे उत्तरदायित्व कोणावर, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

या उत्तरदायित्वाचे एक जुने, आज जवळजवळ विस्मरणात गेलेले रूप नौदलाच्या इतिहासात सापडते. १८००च्या जुलैमध्ये फ्रेया ही डॅनिश फ्रिगेट आपल्या व्यापारी जहाजांच्या ताफ्याला सोबत करत असताना ब्रिटिश नौकांनी झडतीची मागणी केली. राजाची युद्धनौका सोबत आहे, याचाच अर्थ या जहाजांत निषिद्ध माल नाही, त्यामुळे झडती घेणे म्हणजे राजाच्या शब्दावर अविश्वास दाखवणे, अशी डेन्मार्कची भूमिका होती. चकमक झाली आणि फ्रेयाला शरण जावे लागले. पण तत्त्व मेले नाही. १९०९च्या लंडन जाहीरनाम्यात ते स्पष्ट शब्दांत आले: आपल्याच देशाच्या युद्धनौकेच्या सोबतीने जाणाऱ्या तटस्थ जहाजांची झडती घेतली जाणार नाही, मात्र झडतीतून जी माहिती मिळाली असती ती सर्व माहिती ताफ्याच्या नौदल अधिकाऱ्याने मागणी होताच लेखी दिली पाहिजे. जाहीरनाम्याला ब्रिटनने कधीच अंतिम संमती दिली नाही आणि तो अमलात आला नाही. तरीही मला त्या कलमातली देवघेव न्याय्य वाटते. तोफेच्या बळावर झडती टाळता येते. पण हे कलम तोफेऐवजी अधिकाऱ्याचा लेखी शब्द मागते, आणि खोटा शब्द देणाऱ्या देशाची पत पुढच्या जहाजापासून संपते.

स्पेनच्या यादवीला ही कसोटी लावून पाहू. ब्रिटनने तिथे कोणत्याच बाजूला युद्धमान पक्षाचा दर्जा दिला नाही, त्यामुळे खुल्या समुद्रात ब्रिटिश जहाज अडवण्याचा हक्क प्रजासत्ताक सरकारलाही नव्हता आणि फ्रँकोलाही नव्हता. पण झडती नाकारताना ब्रिटनने एक प्रामाणिक गोष्टही केली: १९३६च्या अखेरीस स्वतंत्र कायदा करून ब्रिटिश जहाजांना स्पेनमध्ये युद्धसामग्री नेण्यास बंदी घातली. पुढच्या वसंतात युरोपीय देशांच्या हस्तक्षेपविरोधी समितीच्या योजनेनुसार जिब्राल्टरसारख्या बंदरांतून स्पेनकडे जाणाऱ्या जहाजांवर निरीक्षकही चढू लागले. ही व्यवस्था गळकी होती, त्यात शंका नाही. स्पेनची जहाजे आणि युरोपबाहेरच्या देशांची जहाजे तिच्या कक्षेत नव्हती, शिवाय गस्त घालणाऱ्या चार देशांत फ्रँकोला मदत करणारे जर्मनी आणि इटलीही होते. परंतु बिल्बाओसमोर हूडने तोफा रोखल्या तेव्हा तिच्यामागे निदान एक कायदा उभा होता, ज्यानुसार मॅकग्रेगरच्या पोटात बंदुका सापडल्या असत्या तर मालकाला ब्रिटिश न्यायालयातच शिक्षा झाली असती.

याच पाण्यात याच संरक्षण या शब्दाखाली काय चालले होते, ते पालोस प्रकरणात दिसते. डिसेंबर १९३६ मध्ये बास्क गस्तीनौकांनी पालोस हे जर्मन जहाज अडवून बिल्बाओला नेले. त्यातला काही माल युद्धोपयोगी निघाला. जर्मन क्रूझरच्या दबावाखाली जहाज सोडण्यात आले, पण तो माल आणि एक स्पॅनिश प्रवासी बास्कांनी ठेवून घेतला, तेव्हा जर्मन युद्धनौकांनी बदला म्हणून प्रजासत्ताकाची व्यापारी जहाजे पकडली. जर्मनीचा युक्तिवाद ऐकायला ब्रिटनसारखाच होता: खुल्या समुद्रात आमच्या ध्वजाला हात लावण्याचा तुम्हाला अधिकार नाही. फरक फक्त पोटातल्या मालाचा. ध्वजाच्या सन्मानावर उभा असलेला संरक्षणाचा सिद्धांत भाकरी आणि काडतूस यांत भेद करत नाही, म्हणून तो एकटा पुरेसा नाही.

संरक्षण नाकारणे हेही कृत्यच असते, हे मात्र हस्तक्षेपविरोधकांनी बिल्बाओवरूनच शिकायला हवे. एप्रिल १९३७च्या पूर्वार्धात ब्रिटनच्या बाल्डविन सरकारने ब्रिटिश जहाजांना बिल्बाओकडे जाऊ नका असा सल्ला दिला होता. बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंग आहेत आणि फ्रँकोची नाकेबंदी प्रभावी आहे, असे कारण सांगितले गेले. सुरुंग काढले आहेत, असे बास्क सरकार सांगत होते. लंडनने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. सेंट जाँ द ल्यूझ या फ्रेंच बंदरात अन्नाने भरलेली जहाजे खोळंबून राहिली. त्यांतल्याच एका कप्तानाला, त्याच्या मालावरून, वृत्तपत्रांनी पोटॅटो जोन्स असे नाव दिले आणि तो देशभर गाजला, गंमत अशी की तो स्वतः बिल्बाओला कधी पोहोचलाच नाही. पोहोचले ते सेव्हन सीज स्प्रे. १९ एप्रिलच्या रात्री, कप्तानाच्या मुलीसह, ते दिवे न लावता निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्बाओत दाखल झाले. वाटेत त्याला सुरुंग लागला नाही आणि फ्रँकोची युद्धनौकाही आडवी आली नाही. ज्या नाकेबंदीला आपण कायद्याने मान्यता देत नाही, तिच्याबद्दल आपल्याच व्यापाऱ्यांना घाबरवून ती राबवण्याचे काम ब्रिटिश सरकारने काही दिवस फ्रँकोसाठी फुकट केले, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

त्याच वर्षी भूमध्य समुद्रात दुसरा प्रश्न उभा राहिला. ऑगस्टमध्ये अनोळखी पाणबुड्यांनी स्पेनकडे जाणारी जहाजे बुडवायला सुरुवात केली. त्या इटलीच्या होत्या, हे ब्रिटिश नौदलाला इटालियन संदेशांची सांकेतिक भाषा उलगडलेली असल्याने ठाऊक होते, तरी जाहीरपणे त्यांना समुद्री चाचे म्हणण्यात आले. १४ सप्टेंबरला स्वित्झर्लंडमधल्या न्याँ येथे ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत संघ, तुर्कस्तान आदी नऊ देशांनी करार केला: व्यापारी जहाजावर नियमबाह्य हल्ला करणाऱ्या पाणबुडीवर प्रतिहल्ला करून शक्यतो ती नष्ट करायची. हल्ले झपाट्याने कमी झाले. श्रेय सगळे गस्तीचे नाही, कारण मुसोलिनीने मोहीम करारापूर्वीच आवरती घेतली होती. पण ती पुन्हा उघडपणे सुरू न होण्यात ब्रिटिश-फ्रेंच विनाशिकांचा वाटा होता.

न्याँ करारातले एक वाक्य मात्र बारकाईने वाचण्यासारखे आहे. संरक्षण होते ते स्पेनमधल्या कोणत्याही लढणाऱ्या पक्षाच्या मालकीची नसलेल्या जहाजांना. प्रजासत्ताकाच्या स्वतःच्या जहाजांना बुडण्याची मुभा राहिली. परिणामी ब्रिटिश ध्वज हीच एक विकाऊ वस्तू झाली. जोखमीच्या प्रवासाला भरमसाट भाडे मिळत होते, आणि नव्या कंपन्या जुनी जहाजे विकत घेऊन ब्रिटनमध्ये नोंदवत होत्या. स्टॅनब्रुक ज्या स्टॅनहोप कंपनीचे होते, तिचा ताफा याच काळात फुगला. नफेखोरांसाठी आमच्या खलाशांनी का मरावे, हा तेव्हाच्या संसदेतला आक्षेप म्हणूनच अगदी पोकळ नव्हता. पण त्याला उत्तर असे, की जहाज कोणाचे यापेक्षा ते काय आणि कोणासाठी नेत आहे, हे विचारण्याची सोय सरकारने केली पाहिजे होती. मालक नफेखोर असला म्हणून पोत्यातले धान्य निषिद्ध ठरत नाही.

१९३८च्या उन्हाळ्यात वालेन्सिया, अलिकांते अशा बंदरांत नांगरलेल्या ब्रिटिश जहाजांवर फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या विमानांनी बाँब टाकले तेव्हा ब्रिटनच्या चेंबरलेन सरकारने, बंदरात शिरून संरक्षण देणे म्हणजे युद्धात उतरणे होईल, असे सांगून हात वर केले. चेंबरलेन यांच्याबद्दल मला फारसा आदर नाही, तरी या एका मुद्द्यावर ते बरोबर होते असे मी मानतो. खुल्या समुद्रात जहाजाला साथ देणे आणि लढणाऱ्या शहराच्या बंदरात विमानविरोधी तोफा लावून बसणे यांत फरक आहे. दुसऱ्या गोष्टीत तुम्ही जहाजाबरोबर ते शहरही राखू लागता. त्यांचे चुकले ते असे, की या हल्ल्यांची राजनैतिक किंमत फ्रँकोकडून वसूल करण्याचे साधे मार्गही त्यांनी गंभीरपणे वापरले नाहीत.

आता येमेन. २०१४च्या सप्टेंबरमध्ये हूथी या बंडखोर गटाने राजधानी साना घेतली आणि पुढच्या वर्षी सौदी नेतृत्वाखालील आघाडी युद्धात उतरली. आपल्या मुख्य धान्यापैकी सुमारे ९० टक्के बाहेरून आणणाऱ्या या देशात होदेदा बंदराकडे जाणाऱ्या जहाजांची तपासणी संयुक्त राष्ट्रांनी २०१६च्या मे महिन्यापासून जिबूतीतून सुरू केली. म्हणजे लंडन जाहीरनाम्याला हवा होता तो लेखी शब्द इथे एका देशाऐवजी जगाच्या संस्थेने दिला होता. तरीही परवाना मिळालेली जहाजे आघाडीच्या युद्धनौका ताटकळत ठेवत राहिल्या, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये रियाधवर क्षेपणास्त्र डागले गेल्यावर तर काही काळ बंदरेच बंद झाली. त्या धान्याच्या जहाजांना सोबत करायला एकाही मोठ्या नौदलाने आपली विनाशिका पाठवली नाही.

विनाशिका आल्या त्या १९ नोव्हेंबर २०२३ नंतर, गॅलेक्सी लीडर हे जहाज हूथींनी पकडल्यावर. गाझातल्या युद्धाचे कारण सांगून त्यांनी तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडायला सुरुवात केली होती. हे हल्ले गुन्हाच होते. वाटेने जाणाऱ्या त्रयस्थ खलाशांना ठार करण्याचा हक्क कोणत्याही युद्धमान पक्षाला कधीच नव्हता. डिसेंबरमध्ये अमेरिकेने बहुराष्ट्रीय गस्त उभारली. जानेवारी २०२४ मध्ये तिने आणि ब्रिटनने येमेनच्या भूमीवर हल्ले सुरू केले. फेब्रुवारीत युरोपीय संघाने आस्पिदेस मोहीम काढली आणि तिला जमिनीवर मारा करण्याचा अधिकार जाणूनबुजून दिला नाही. एकाच पाण्यात दोन वेगळ्या रेषा आखल्या गेल्या, आणि मला युरोपची रेषा अधिक समजूतदार वाटते, कारण ती हूडच्या तीन मैलांसारखी आधी सांगितलेली, सर्वांना वाचता येणारी रेषा होती.

ध्वजाचा सिद्धांत किती जुना झाला आहे, तेही याच समुद्रात दिसले. मार्च २०२४ मध्ये ट्रू कॉन्फिडन्स या बार्बाडोसचा ध्वज लावलेल्या, ग्रीक व्यवस्थापनाखालील जहाजावर क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी मेले. त्यांतले दोन फिलिपिनो होते, एक व्हिएतनामी. उरलेल्यांना भारतीय नौदलाच्या कोलकाता या विनाशिकेने उचलले. अशा जहाजाचे रक्षण कोणत्या देशाने करायचे, याचे उत्तर ध्वजात सापडत नाही. मे २०२५ मध्ये ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हूथी यांच्यात परस्परांवर हल्ले थांबवण्याचा समझोता झाला, आणि जुलैमध्ये हूथींनी मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही लायबेरियाच्या ध्वजाची दोन जहाजे बुडवली. न्याँमध्ये प्रजासत्ताकाची जहाजे जशी कराराबाहेर राहिली, तशीच ही या समझोत्याबाहेर होती.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. होदेदाकडे धान्य नेणारे, जिबूतीत तपासले गेलेले जहाज आणि सुएझकडे निघालेले, येमेनशी संबंध नसलेले जहाज, या दोघांच्या बाजूला उभे राहणारी नौका एकच असावी. तिच्या अधिकाऱ्याजवळ प्रत्येक जहाजाच्या मालाचा लेखी तपशील असावा, आणि तो सौदी गस्तीनौकेने मागितला तरी आणि हूथींनी रेडिओवरून विचारला तरी सारखाच वाचून दाखवता यावा. हूथी त्यावर विश्वास ठेवतील याची खात्री नाही. रियाधही ठेवेलच असे नाही. पण तपशील सांगूनही ज्याने जहाजावर हात टाकला, त्याच्यावर रोखलेल्या तोफेबद्दल मग कोणाला स्पष्टीकरण देत बसावे लागणार नाही.